चष्मा घरी राहिला

चाफेकाका सायकलची घंटी दोनदाच वाजवत. पहिली आल्याची, दुसरी गेल्याची. मधल्या क्षणात सोनचाफ्याची पुडी दाराच्या कडीला अडकलेली असे. निवृत्तीनंतर आगाशीला राहायला आल्यापासून चार वर्षं मी त्यांच्याकडून फुलं घेतली, पण त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. "थांबलो का फुलं सुकतात," एवढं एकच वाक्य मला माहीत होतं.

मग त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे शेक घेऊन झाले, आकडा खाली आला आणि ते पुन्हा सायकलवर दिसू लागले. आकडा म्हणजे पीएसए. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि तो खालीच आहे ना, ते बघायचं. एका सकाळी ते पुडी न अडकवता दारात उभे राहिले. हातात रिपोर्टचं पाकीट. "भाऊ, जरा वाचा. चष्मा घरी राहिला." चष्मा सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. मी पाकीट घेतलं. अशी पाकिटं एकट्यानं उघडवत नाहीत, हे बायकोच्या आजारपणात मीही शिकलो होतो.

आकडा वाढला होता. काकांनी लगेच गुन्हेगार पकडला. तपासणीआधी दोन दिवस सायकल चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गणपतीचे दिवस, म्हणून हे गृहस्थ आदल्या दिवशी भुईगावपर्यंत फुलं पोचवून आले होते. "सायकलीनंच घात केला," म्हणाले, आणि त्यांनी सायकल कायमची सोडली.

ते पायी फिरू लागले. लांबची गिऱ्हाइकं तुटली. माझं घर शेवटचं, म्हणून ओट्यावर टेकू लागले. मग चहा आला, चहाबरोबर गप्पा आल्या. "चाफ्यावर चढू नये, भाऊ. त्याची फांदी सांगून मोडत नाय." त्यांची बायको केव्हाच गेलेली, मुलगा पुण्याला. त्याला आकडा कळवायचा नव्हता. "कळला का घेऊन जाईल. मग झाडांना कोण हाय?"

पुढचा आकडा आणखी वाढला. डॉक्टरांकडे मीच बरोबर गेलो. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "यात सायकलचा संबंध नाही, खुशाल चालवा. आजार परत डोकं वर काढतोय. मुलाला बोलवा." परतताना बसमध्ये काका म्हणाले, "डॉक्टर पोरगेला हाय. त्याला सायकलीचं काय ठाऊक!"

मी त्यांना तिथंच झापायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हो ना, पायीच बरं." लाज वाटते सांगायला. काका सायकलवर बसले असते, तर मला पुन्हा दोन घंट्याच उरल्या असत्या. दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिसरं पाकीट उघडलं, आकडा आणखी चढलेला, आणि माझं मन मला खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला मीच फोन केला. तो दोन दिवसांत आला. निघण्याआधी काका ओट्यावर येऊन बसले.

"तुम्हीच कळवलंत ना?"

"हो."

"बरं केलंत." मग म्हणाले, "सायकलीचं काय नव्हतं, ते मलापन डॉक्टरकडंच पटलं होतं. पन सायकलवरनं कुणाकडं टेकता येत नाय, भाऊ."

पुण्यात इंजेक्शनं सुरू झाली. दर तीन महिन्यांनी काका नातीकडून रिपोर्टचा फोटो मला पाठवायला लावत आणि पाठोपाठ फोन करत. घरात मुलगा, सून, नात, सगळी वाचणारी माणसं. तरी म्हणत, "भाऊ, जरा वाचा. चष्मा घरी राहिला." घरातच बसून! मी आकडा वाचे, मग आम्ही चाफ्याबद्दल बोलत असू.

या खेपेचे तीन महिने होऊन वर वीस दिवस झाले. फोटो आला नाही, फोनही नाही. मी फोन करू शकतो, नंबर आहे माझ्याकडे. रोज सकाळी चष्मा पुसून ओट्यावर बसतो, आणि करत नाही.