इंजिनाचं नाक

गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून घ्यायला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. माझा थोरला भाऊ नादसेन गेली एकेचाळीस वर्षं चॅट्सवर्थमध्ये इंजिनं उघडतोय. इतक्या वर्षांत एकाही शहाण्यानं विचारलं नाही, की बाबा, पेट्रोल पुरेल का? सगळ्यांना ती चकाकणारी वस्तू हवी, तिची शिट्टी हवी. पेट्रोलचा पंप टाकीत दडलेला, तो कुणाला दाखवणार?

अण्णा तरीही प्रत्येकाला तेच सांगत बसे. "हवा जास्त कोंबलीस, तर पेट्रोलही त्याच मापानं हवं. टर्बो नळीत जेवढा दाब देतो, तेवढा पेट्रोलचा दाबही वर चढला पाहिजे. आधी पंप, मग नळ्या, टर्बो शेवटी." गिऱ्हाईक मान डोलावी आणि मोबाईल बघे.

एकदा जोहान्सबर्गचा एक जण शर्यतीसाठी गाडी घेऊन खाली आमच्याकडे आला. अण्णा म्हणाला, "तुमच्याकडे उंचावर हवा विरळ. इथे समुद्राकाठी हीच गाडी जास्त हवा ओढेल. तुझा पंप धापा टाकेल."

"अंकल, तिकडे वर्षभर पळवली. काही झालं नाही."

रविवारी त्याच्या पिस्टनला भोक पडलं. सोमवारी दारात उभा राहून तो अण्णालाच म्हणतो, "तुम्ही नीट समजावलं नाहीत." मी हातातला पाना फरशीवर आपटला. अण्णा एवढंच म्हणाला, "तंबी, पान्याचा काय दोष?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी, पूबालन. साठीला टेकलो तरी तंबीच.

दुसरं त्याचं पालुपद नाकाचं. टर्बोचा जोर आला, की पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली तेलाच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर पडायला रुंद नळी हवी, नाहीतर तो सील फोडून तेलासकट बाहेर येतो. "तोंडानं एवढं खाऊ घालता, मग नाक नको इंजिनाला?" असं तो म्हणे आणि पोरंटोरं हसत.

त्याच्या स्वतःच्या जुन्या कोरोलाला असं नाक होतं. मागच्या बाजूनं निघालेली जाड काळी नळी आणि तिच्या टोकाला दूध पावडरचा डबा. डब्यात तारेची घासणी कोंबलेली, म्हणजे तेल आत अडकावं आणि वाफ निघून जावी. दिसायला भिकार, पण कामाला चोख. हे इंजिन त्यानं तीन वर्षं स्वतःच्या हातानं उभं केलं होतं.

तीन वर्षं लागली, कारण साखरेनं त्याचे डोळे खाल्ले होते. महिनाअखेरीला लायसनसाठी डोळ्यांची तपासणी होती आणि तो नापास होणार हे त्यालाही ठाऊक होतं. त्याआधी शर्यतीचा, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल गाडी पळवायचा, एकच रविवार उरला होता. "तेरा सेकंदांच्या आत, एकदाच," तो धनम अण्णीला, म्हणजे माझ्या वहिनीला म्हणाला. "मग किल्ली तुझ्या हातात."

"तोपर्यंत तुला समोरची भिंत दिसेल ना?" अण्णी म्हणाली.

"सरळ तर जायचंय. भिंत कशाला मध्ये येईल?"

आमच्याकडे शर्यतीच्या आदल्या दिवशी देवळाच्या मैदानात बॉनेट उघडून गाड्या उभ्या करतात. लोक हिंडून बघतात, सगळ्यात स्वच्छ इंजिनाला कप मिळतो. स्वच्छ म्हणजे काय, तर एक नळी दिसता कामा नये, सगळं क्रोमचं, आरशासारखं. हा मूर्खपणा कुणी सुरू केला देव जाणे. शनिवारी अण्णाच्या गाडीपाशी जो येई, तो फिदीफिदी हसे. "अंकल, चहाचं दूध इथेच ठेवता काय?" तिसऱ्यांदा हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. अण्णा देवळात गेला होता. मी डबा काढला, नळी काढली, मागच्या भोकावर शेजारच्या स्टॉलवरची क्रोमची टोपी घट्ट आवळली आणि सगळं फडक्यानं लखलखीत पुसलं.

तिसरा नंबर आला. अण्णानं कप डोळ्यांना लावून वाचला आणि पोरासारखा हसला. "आपल्याला? कशाबद्दल?" मी म्हटलं, "इंजिनाबद्दल." डबा माझ्या गाडीच्या डिकीत होता, संध्याकाळी परत लावायचा होता. संध्याकाळी कप बघायला अर्धी गल्ली घरी लोटली, बीन्सचे बनी, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेली बीन्सची उसळ, मागवले गेले, आणि माझ्या डोक्यातून डबा साफ गेला.

रविवारी अण्णा कोरोला हळूहळू चालवत शर्यतीच्या मैदानावर घेऊन आला. हळू चालताना इंजिन दुसऱ्या एका बारक्या नळीतून श्वास सोडतं, म्हणून वाटेत काही कळलं नाही. टर्बोचा जोर आला की त्या नळीतली झडप बंद होते. मग उरतं ते मागचं मोठं नाकच.

रांगेत त्यानं पेट्रोलच्या नळ्या बोटांनी चाचपल्या. दाबाचा काटा मला वाचायला लावला. मग म्हणाला, "मागं माझा हात पोचत नाही. नाक बघ, तंबी."

"बघितलं," मी म्हणालो. मी बघितलं नव्हतं. तीन वर्षं दर वेळी म्हणत आलो, तसं म्हणून टाकलं.

हिरवा दिवा लागला. गाडी अशी सुटली, की मी ओरडलोच. अर्ध्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग मागून पांढऱ्या धुराचा लोट उठला, तेल मोजायची पट्टी आतून उडून बॉनेटवर आदळली आणि काचेवर तेल पसरलं. अण्णानं गाडी कडेला घेतली. शेवटची रेषा समोर दिसत होती, म्हणजे मला दिसत होती.

ट्रॅकवर तेल सांडलं की ती गाडी त्या दिवसापुरती बाद. भुसा टाकून साफ करायला तासभर लागला आणि तेवढा वेळ लोक शिव्या घालत होते. बॉनेट उघडलं तेव्हा कोंडाळं जमलं. आमचंच एक गिऱ्हाईक ओरडलं, "काय अंकल, नाक चोंदलं वाटतं!"

अण्णा अंगभर वाकला, कसाबसा हात मागे घातला. त्याची बोटं त्या गुळगुळीत टोपीवर थांबली. त्यानं माझ्या दिशेला तोंड केलं. मग लोकांना म्हणाला, "माझीच चूक. शनिवारी नळी काढली, परत लावायला विसरलो. डोळे गेले आता." सगळे हसले. मला तोंड होतं, पण ते मी उघडलं नाही. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. आजही त्याचा राग येतो मला, आणि स्वतःचा तर विचारूच नका.

महिनाअखेरीला लायसन गेलं. सील बदलून त्यानं हातांच्या अंदाजानं इंजिन पुन्हा जोडलं, डबाही बसवला. पुढच्या शर्यतीच्या सकाळी म्हणाला, "तू चालव. पण आधी नाक बघ."

मी वाकलो. या वेळी खरंच बघितलं, नळी ओढून पाहिली, डबा हलवून पाहिला. "बघितलं, अण्णा," मी म्हणालो.

तो खुर्चीवरून उठला. काठी टेकत गाडीला वळसा घालून आला, मला हातानं बाजूला केलं, आणि बॉनेटवर पोट टेकून स्वतः नळी चाचपू लागला.