चिकटवलेलं पान

माझा भाऊ बाइंडर आहे आणि तो वाचत नाही. म्हणजे वाचता येतं हो त्याला, चांगला शिकलाय, पण बांधायला आलेलं पुस्तक असो की शाळेची वही, आतलं एक अक्षर वाचायचा नाही. ‘वाचायला लागलं की हात थांबतो,’ असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. धंद्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच काय ते भाषण. लहानपणी मीच त्याचं नाव घुम्या पाडलं. गल्लीनं ते उचललं, शाळेनं उचललं, आणि आज चाळिशी उलटली तरी कागदवाला ‘घुमेशेठ आहेत का?’ असंच विचारत येतो. मला या नावाचा फार अभिमान होता. केवढा विनोद केला म्हणून.

मी त्याची मोठी बहीण. वयानं चार वर्षांनी मोठी आणि जिभेनं चाळीस. लग्न केलं नाही, कुणाची छाती झाली नाही म्हणा. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या पुढच्या खोलीत कटिंग मशीन आणि चाकाचा लोखंडी दाब, मागच्या खोलीत मी, माझी सुई, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. कागद दुमडायचे, शिवायचे, खळ लावायची हे माझं. पुठ्ठा, कापड, पाठ आणि शेवटची तपासणी त्याची.

तपासणी म्हणजे काय, तर अंगठा. दाबातून निघालेल्या प्रत्येक वहीवर तो अंगठा फिरवतो, खिडकीबाहेर बघत. ‘इथे खळ कमी आहे,’ म्हणतो, आणि असतेच. कॉलेजच्या कारकुनाचा हरवलेला रजेचा अर्ज त्यानं असाच शोधून दिला होता, बांधून झालेल्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याखालून. कारकून हात जोडायला लागला तर हा पाणी प्यायला आत निघून गेला.

त्याचा एक नियम. गिऱ्हाइकाचं पान फाडायचं नाही आणि झाकायचं नाही. मुलांच्या वह्यांची शेवटची पानं काय लायकीची असतात ते सांगायला नको. मिशा काढलेल्या बाया, फुल्ली-गोळा, मास्तरांना शिव्या. मी म्हणायची, ‘अरे, लावून टाकू पुठ्ठ्याला, स्वच्छ दिसेल.’ तो मान हलवायचा. ‘त्यांचं आहे, ताई.’ बस्स.

तर, त्याची मुलगी. अकरा वर्षांची, नाकावर बारीक ठिपके म्हणून ठिपकी. तिची आई नर्स. मागच्या वर्षी तिची बदली लांब झाली, महिन्यातून दोन दिवस येते, बाकी फोन. बाप बोलत नाही, आई जवळ नाही, म्हणजे पोर माझ्या ताब्यात. माझ्या जिभेच्या ताब्यात.

आता सगळं ओळीनं दिसतं. तेव्हा दिसत होती ती नुसती कटकट. शाळेतून आली की गणवेशातच झोपायची. मी ओरडायची, ‘कुंभकर्णाची आजी!’ ताटात काय वाढलं याच्यावरून रोज भांडणारी पोरगी, भांडेनाशी झाली. मी म्हटलं, चला, अक्कल आली. एकदा म्हणाली, ‘आत्या, वर्गात माझ्याशेजारी कोणी बसत नाही.’ मी म्हटलं, ‘मग ऐसपैस बस की!’ रंगांची मोठी पेटी, जिच्यासाठी तिनं दोन दिवस डोळे गाळले होते, ती शेजारच्या छोटीला देऊन टाकली. मी चारचौघांत तिला दानशूर म्हणून घेतलं.

आणि एक दिवस मी शिवत बसले होते. ती उंबऱ्यावर. म्हणाली, ‘आत्या, मी नसले तर माझी खोली तू घेशील?’

माझ्या तोंडात दोरा होता. तो दातानं तोडला आणि म्हटलं, ‘आधी गणितात पास हो, मग कुठे जायचं तिथे जा.’ आणि हसले. हसले मी! तीही थोडंसं हसली, आणि मला वाटलं, विनोद पोचला.

पुढच्या सोमवारी तिनं विज्ञानाच्या चार वह्या आणून दिल्या. शाळेनं एकत्र बांधून मागितल्या होत्या. ‘आत्या, तू किंवा बाबा, कोणीतरी नीट बघून बांधा हं,’ म्हणाली. भाऊ पुठ्ठे आणायला गेला होता. मी चारी वह्या एकावर एक शिवल्या, खळीचा ब्रश बुडवला आणि शेवटचं पान उलटलं.

पेन्सिलीनं लिहिलं होतं. बारीक, सरळ ओळीत, खाडाखोड न करता. मला आता जगायचं नाही. मी नसले तर सगळ्यांना बरं पडेल. आईला सारखे फोन करावे लागणार नाहीत. बाबांना काळजी नाही. आत्याचा तर माझ्यामुळे कामाचा खोळंबाच होतो.

माझे हात गार पडले, हे खरं. किती वेळ कोण जाणे, तशीच बसले. पण कशानं गार पडले, ते सांगते, कारण आता लपवून काय करू? पोरीच्या जिवाच्या काळजीनं नाही. ती भीती नंतर आली, दुसऱ्या नंबरावर. पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती शेवटची ओळ. ‘आत्याचा खोळंबा.’ हे माझंच वाक्य होतं, दिवसातून चारदा म्हणायची मी. ही वही शाळेत जाणार, बाई वाचणार, भाऊ वाचणार, तिची आई वाचणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार. मी स्वतःला म्हटलं, नाटकं आहेत. या वयात पोरी लिहितात असलं काहीतरी. उगाच चर्चा केली की आणखी डोक्यात बसतं.

फाडता येत नव्हतं. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटतं, आणि जोडपानावर हृदयाची आकृती होती, बाईंच्या सहीची. म्हणून मी त्या पानावर खळ फिरवली, कडेपर्यंत, नीट. शिलकीतल्या एका पुठ्ठ्याला चिकटवलं. वरून अस्तराचा कोरा कागद लावला आणि वही दाबात घातली. चाक मीच फिरवलं, शेवटपर्यंत.

मंगळवारी शाळेतून आल्या आल्या तिनं विचारलं, ‘आत्या, वही बघितलीस? मागचं पान?’

‘मला बाई एवढा वेळ कुठे? ढीग पडलाय इथे.’

‘बरं,’ म्हणाली आणि वर गेली. तिच्या त्या ‘बरं’नं पाठ सोडली नाही माझी. त्या दिवशी मी तीनदा काहीतरी निमित्त काढून वर जाऊन आले, दारातून डोकावून आले. आत जाऊन शेजारी बसावं, एवढं धाडस झालं नाही. जगाला बोलून गप्प करणारी मी.

बुधवारी दुपारी भावानं दाब उघडला. एकेक वही काढून अंगठा फिरवत गेला, खिडकीबाहेर बघत. ठिपकीच्या वहीवर अंगठा थांबला. परत फिरवला. मग त्यानं वहीकडे बघितलं.

‘एक कागद जास्त आहे.’

मी दोऱ्याला गाठ मारत बसले.

त्यानं ओलं फडकं आणलं, अस्तरावर ठेवलं आणि वाट बघितली. मग हाडाच्या पट्टीनं कोपरा उचलत उचलत पान सोडवलं, एवढ्या हलक्या हातानं की एक अक्षर पुसलं नाही. आणि माझा न वाचणारा भाऊ उभ्या उभ्या वाचायला लागला. दोनदा वाचलं असणार, कारण फार वेळ गेला.

‘ताई, हे तू चिकटवलंस?’

‘बरबटलेलं होतं म्हणून.’

‘वाचून?’

‘मी कशाला वाचतेय!’

देवा, कसं निघालं तोंडातून! कमरेचं खळीनं माखलेलं फडकं तसंच ठेवून त्यानं सायकल काढली आणि शाळेत गेला. अर्ध्या तासात तिला मधल्याच तासाला घेऊन आला. तिला कामाच्या टेबलावर बसवलं, आपण समोर स्टूल घेतलं आणि विचारलं, ‘ठिपके, तुला मरावंसं वाटतं का?’

मी ओरडलेच. ‘अरे, काय विचारतोस लेकराला! नको ते डोक्यात घालतोस!’

‘ते आहेच तिथे, ताई. मी फक्त विचारतोय.’ माझ्याकडे न बघता म्हणाला.

ती पायाचे अंगठे एकमेकांवर घासत बसली. मला वाटलं, आता हा गडबडेल, काहीतरी बोलून टाकेल, मी टाकलं असतं तसं. पण गप्प बसणं हे तर त्याचं हुकमी काम. तो थांबला. मी आयुष्यभर ज्याची टिंगल केली तेच त्यानं केलं, नुसता थांबला.

‘कधी कधी वाटतं,’ ती म्हणाली.

‘आज?’

‘आज पण.’

तो उठून तिच्याशेजारी टेबलावर बसला. ओरडला नाही, रडला नाही, ‘तुला काय कमी आहे’ म्हणाला नाही. ‘सांगितलंस ते बरं झालं,’ एवढंच म्हणाला. तेव्हा ती रडायला लागली आणि मग काय काय बाहेर आलं. वर्गातल्या मुली, गणित, आईचा फोन ठेवल्यावरची संध्याकाळ. एक असं कारण नव्हतंच. मध्येच म्हणाली, ‘बाबा, कोणाला सांगू नका.’

‘ते नाही जमायचं. आईला सांगणार, डॉक्टरांना सांगणार. पण तुला एकटीला कुठे पाठवणार नाही. जिथे जाऊ तिथे मी बरोबर.’

त्याच दुपारी दुकान बंद करून तो तिला घेऊन गेला, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. मी मागून, न बोलावता. बाई आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग आम्हा दोघांशी. मी विचारलंच, की असं सरळ विचारल्यानं मुलांच्या डोक्यात बसत नाही का. त्या म्हणाल्या, ‘विचारल्यानं नाही बसत. कोणी विचारलं नाही की मूल त्या विचाराबरोबर एकटं राहतं.’ मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, समजलं म्हणून.

त्यांनी सांगितलं तसं घरातलं, दुकानातलं काय काय कुलपात गेलं. शाळेतल्या बाईंशी भाऊ बोलला. तिची आई रजा टाकून आली. ठिपकी एकटी राहणार नाही असं ठरलं, आणि तिच्याजवळ बसायच्या पाळ्या लावल्या. त्यात माझीही पाळी होती. कोणी मला वगळलं नाही, आणि तेच सहन होईना.

तिसऱ्या दिवशी भावाला विचारलं, ‘तुला कसं रे सुचलं विचारायला?’

पुठ्ठा मोजत होता. म्हणाला, ‘मला वाटायचं तसं. तेराव्या वर्षी. कोणी विचारलं नाही.’

तेराव्या वर्षी आम्ही एकाच खोलीत झोपायचो. मधे एक हाताचं अंतर. त्याच वर्षी मी त्याचं नाव घुम्या पाडलं होतं.

मी तोंडावर पदर घेऊन रडले. त्यानं रडू दिलं. मग म्हणाला, ‘वाचलं होतंस ना तू?’

‘हो.’

‘मग तिला सांग. तिला वाटतंय, तू वाचलंच नाहीस.’

त्याला काय, सांग म्हणाला. दोन दिवस मी पाळीला बसले की जीभ टाळूला चिकटायची. शेवटी काल, ती खिडकीशी बसून चित्र काढत होती. शेजारच्या छोटीनं रंगांची पेटी परत आणून दिलीय, उसनी म्हणून. मी समोर बसले आणि सगळं एका दमात ओकले. वाचलं होतं. सोमवारीच. माझं नाव दिसलं म्हणून चिकटवलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तुझा खोळंबा नाही गं होत मला, माझी जीभच सडकी.

तिनं हिरवा रंग पेटीत ठेवला.

‘मला माहीत होतं,’ म्हणाली. ‘मी दारातच उभी होते. तू वाचलंस आणि तुझा हात थांबला. तेव्हा मला एवढं बरं वाटलं, आत्या. मला वाटलं, आता येशील.’

मला मान वर करवेना.

‘मग तू ब्रश उचललास.’

मी हात पुढे केला, खळीनं चिरा पडलेला. तिनं तो लगेच धरला नाही. पेटीतला हिरवा रंग काढून माझ्या तळहातावर ठेवला.

‘झाडं तू रंगव,’ म्हणाली. ‘आणि आजचं विचार ना. बाबा रोज विचारतात.’

मी विचारलं.