चौथ्या दिवसाची रिकामी चौकट

तपासनिसांनी नोकरीची चौतीस वर्षे इतरांची तिकिटे पाहण्यात घालवली. शहराच्या बससेवेतल्या अचानक तपासणी करणाऱ्या पथकात ते होते; आज कोणत्या थांब्यावर चढायचे, हे सोबतच्या माणसांनाही ते आयत्या वेळी सांगत. कंडक्टर त्यांना पाठीमागे ‘घार’ म्हणत. ते तिकीट आधी कधीच मागत नसत. “कुठे उतरणार?” एवढेच विचारत. ज्याला उत्तर चटकन देता येत नसे, तो बहुधा फुकट्या निघे. या कसोटीने त्यांनी शेकडो माणसे पकडली आणि, हेही नोंदवले पाहिजे, काही निरपराधांना भर बसमध्ये मान खाली घालायला लावली. एक म्हातारी केवळ गोंधळून गप्प राहिली होती. तिचे तिकीट नंतर चष्म्याच्या घरात सापडले. ही हकिकत त्यांनी घरी गमतीने सांगितली, तेव्हा बायको हसली नव्हती.

निवृत्तीनंतर दोघांनी परदेशी सहलीला जायचे ठरवले. खरे तर ठरवले बायकोने. रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत बसून तिने आयुष्यभर इतरांना हव्या त्या ठिकाणी जोडून दिले होते. स्वतः ती कुठे गेली असेल तर नवऱ्याने आखलेल्या वाटेने, नवऱ्याच्या घड्याळाप्रमाणे.

सहल आखून देणारी मुलगी चौकातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसे. तिने सात दिवसांच्या सात चौकटी छापून दिल्या. तपासनिसांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि टोकदार पेन्सिल घेऊन बसले.

“हॉटेल स्थानकापासून पाच मिनिटांवर, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “कुणाच्या पायांनी?”

“माणसाच्याच असतील,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

“आणि गाडी बदलायला फक्त नऊ मिनिटं. फलाट तीनवरून सातवर. माझ्या गुडघ्याला अकरा लागतात.”

“मग गुडघा इथेच ठेवून चला.”

त्यांनी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार पडताळला, होडीच्या वेळा दोन ठिकाणांहून जुळवून पाहिल्या, किल्ल्याच्या पायऱ्यांची संख्या मिळवली. सगळे बरोबर निघत गेले तसतसा त्यांचा संशय वाढत गेला. इतका स्वच्छ हिशेब त्यांनी फक्त लबाड कंडक्टरांकडेच पाहिला होता. अखेर पेन्सिल चौथ्या दिवसावर थांबली. त्या चौकटीत काहीच नव्हते. ना ठिकाण, ना गाडी, ना वेळ.

“हा दिवस कुठे गेला?”

“असेल विश्रांतीचा,” बायको म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन ओट्याकडे गेली.

संशयाला पुरावा लागतो असे आपण समजतो; पुष्कळदा त्याला रिकामी जागा पुरते. बससेवेत अशा वेळी साध्या कपड्यांतला माणूस प्रवासी म्हणून गाडीत बसवत. तपासनिसांनी तेच केले. शेजाऱ्याच्या फोनवरून, गणिताचा निवृत्त शिक्षक म्हणून, त्यांनी त्याच मुलीकडे त्याच देशाची, तितक्याच दिवसांची सहल मागितली. दुसऱ्या दिवशी आराखडा आला. त्यात चौथा दिवस गच्च भरलेला होता: सकाळी बेटावर जाणारी होडी, दुपारी पोलादी दोराने ओढली जाणारी, डोंगर चढणारी रेल्वे.

ते इस्त्रीचा सदरा घालून त्या मुलीच्या खोलीत गेले आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“शिक्षकाला बेट आणि आम्हाला कोरा कागद. का?”

मुलीने कागदांकडे पाहिलेही नाही. “काका, ते शिक्षक तुम्हीच ना?”

“कशावरून?”

“गाडी चुकली तर पुढची कोणती, हे सगळेच विचारतात. पुढचीही चुकली तर काय, असं विचारणारे तुम्ही एकटेच.” मग तिचा आवाज खाली आला. “तो दिवस मी गाळलेला नाही. मूळ आराखड्यात बेट होतं. काकूंनी ते काढायला सांगितलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. आता माझीच पंचाईत झाली.”

घरी परतताना तपासनिसांनी वाटेतले दोन थांबे बस न घेता पायी ओलांडले. तिला तिथे कुणाला भेटायचे आहे? कुणाचे पत्र आले होते का? चाळीस वर्षांच्या संसारात कोणता कागद आपण उलटून पाहिला नाही? दारातच त्यांनी विचारले,

“चौथ्या दिवशी कुठे जाणार आहेस?”

बायको धुतलेले कपडे घडी करत होती. तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, मग उत्तर दिले.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही. सकाळी उठेन. जी पहिली ट्राम येईल तिच्यात बसेन. शेवटच्या थांब्यापर्यंत जाईन. ती कुठे जाते हे कुणालाही विचारणार नाही.”

“कुणी विचारलं, कुठे उतरणार, तर?”

“तर हेच सांगेन. तुमच्या बसमधल्या म्हातारीला सांगता आलं नाही, मला येईल.” तिने पुढचा टॉवेल उचलला. “तो दिवस भरायचा असेल तर भरा. पण मग एकटेच जा आणि सगळं तपासून या. मी येणार नाही.”

हे ती रागाने म्हणाली असती तर त्यांना सोपे गेले असते. टेलिफोनवर चुकीचा विभाग मागणाऱ्याला ती जसे शांतपणे सांगत असे, तसे तिने सांगितले.

तपासनीस टेबलाशी बसले. समोर तो कागद होता आणि चौथी चौकट होती. चौतीस वर्षांत त्यांनी जिच्यावर सर्वांत आधी हात ठेवला असता, अशी प्रवासी आपल्याच घरात टॉवेल घडी करत उभी होती, आणि तिच्यावर ठेवायला त्यांच्याजवळ आरोप नव्हता. त्यांनी पेन्सिल उचलली, तशीच डब्यात टाकली आणि झाकण लावले.

“राहू दे रिकामी,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, “तिकीट तरी काढशील ना?”

“काढेन की.”

“किती?”

“एक की दोन,” बायको म्हणाली, “ते त्या दिवशी थांब्यावर ठरवेन.”