पंपाच्या दुकानातली ताई

भिंगारच्या बाजारात मोटारपंप दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या ताईपुढे भलेभले विरघळतात. जळालेली मोटार, मान टाकलेला कांदा आणि जिभेवर तयार ठेवलेल्या शिव्या घेऊन माणूस फोन लावतो. पलीकडून मंजुळ आवाज येतो, "बोला, काय अडचण आहे?" की हा लगेच, "ताई, सवडीनं बघा, घाई न्हाई."

या ताईला मिशा आहेत. नाव कानिफनाथ, वय एकोणतीस. मालकानं त्याला फोनवर बसवलं ते गिऱ्हाइकं भांडत नाहीत म्हणूनच. माझं घर दुकानासमोर, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं. नसेल ते मी जाऊन विचारतो.

एकदा नगरच्या मोनिका मॅडमचा पंप बिघडला. त्या पाश्चात्त्य गाणं शिकवतात. फोनवर ताईंचा आवाज ऐकून त्या पंप विसरल्या आणि ताईंना शोधत थेट दुकानात आल्या. मिशा बघून आधी हसल्या, मग तिथंच त्याला एक सूर लावायला सांगितला. समोरच्या दुकानातलं भांडण थांबलं म्हणतात. तेव्हापासून चार वर्षं तो त्यांच्याकडे तीनशे वर्षांपूर्वीची इटालियन गाणी शिकतोय. पुरुष असून बायकांच्या पट्टीत गाणाऱ्याला काउंटरटेनर म्हणतात. काउंटरवर बसतो म्हणून काउंटरटेनर, असं आमच्या भिंगारात ठरलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

घोळ झाला लग्नावरून. कानिफनाथचे वडील कारभारी हे कोपरगावचे ऊसवाले. तिथलीच मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, मुलगा कमी बोलतो. कानिफनाथनं बैलासारखा आवाज काढून "नाव काय?" एवढंच विचारलं आणि पुढचा वेळ पाणी पीत काढला. सुकन्याला तो लाजाळू वाटला, आणि आवडलाही. साखरपुडा झाला. पुढं फोन आला की याला रेंज नसायची. मेसेज मात्र पानभर.

शेवटी तिनं दुकानाच्या नंबरवर फोन लावला. यानं उचलला, आवाज ओळखला आणि गांगरला.

"ते बाहेर गेलेत," तो म्हणाला.

"तुमी कोन?"

"मी? मी इथंच असते."

एका "असते"नं कोपरगावात आग लागली. नवऱ्या मुलाच्या दुकानात गोड गळ्याची बाई आहे आणि ती इथंच असते! सुकन्याचे मामा राधाकृष्ण लग्न मोडायच्या तयारीनं निघाले. कारभारींनी तोड काढली: बाई काम सोडून गेली म्हणायचं. कानिफनाथ पहिल्यांदा बापाला नाही म्हणाला. मुलगी हवी होती त्याला, पण जन्मभर रेंज नसलेला नवरा व्हायचं नव्हतं. त्यानं सुकन्याला मेसेज केला: ती बाई शनिवारी नगरला गाणार आहे, सगळे या, मग ठरवा.

सभागृहात मी सुकन्या आणि मामा यांच्या मधली खुर्ची पकडली. योगायोगानं नव्हे. कारभारी मागच्या रांगेत, टोपी भुवयांपर्यंत ओढून.

मंचावर दोन पुरुष आले: कानिफनाथ आणि पुण्याचा रविराज. मामा म्हणाले, बाई कुठंय? तेवढ्यात रविराजनं सूर लावला, बारीक आणि सरळ. त्यावर कानिफनाथचा सूर अलगद चढला. मग दोघांचं सुरू झालं. एक जागेवर अडून बसायचा, दुसरा त्याला खेटून जायचा, कानाला टोचेपर्यंत. आणि आता भांडण होणार म्हणताना पहिला हळूच एक पायरी उतरायचा. सगळं गोड. पुन्हा नवा रुसवा. शब्द एकही कळला नाही, पण रुसवा काय, मला घरी रोज ऐकायला मिळतो.

सुकन्यानं माझं मनगट धरलं. "आजोबा, हीच ती बाई."

मामांनी मंचाचा कोपरा न् कोपरा शोधला.

गाणं संपल्यावर आम्ही सगळे व्हरांड्यात थांबलो. कानिफनाथ तिथं आला, घामानं भिजलेला. बैलाचा आवाज त्यानं काढला नाही.

"फोनवर मीच होतो. माझा आवाज हाच आहे. नको असेल तर आत्ताच सांगा."

"मग 'असते' कशाला म्हनलात?"

"घाबरलो होतो."

"आन् आता?"

"आताही घाबरलोय. लई."

ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, भिंतीला टेकून हसली. तो तसाच उभा. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, त्या पुण्याच्या मानसाशी एवढा रुसवा-फुगवा रोज असतो का? तो म्हणाला, फक्त शनिवारी.

मामांना एव्हाना उलगडा झाला होता. ते तिला बाजूला ओढायला लागले. "अगं पोरी, लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या की मामा," सुकन्या म्हणाली. "यांच्याइतकं वरच्या पट्टीत कुनाला म्हनता येनार हाय?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मागं उभ्या असलेल्या कारभारींची टोपी वर केली आणि लग्नाची तारीख विचारली.