पेशीत शिरणारी चरबी

आमच्या लॅबच्या रजिस्टरात चार वर्षं एकच शेरा पडत होता: 'परिणाम नाही.' किस्से मात्र साठत गेले. महाडच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची एक खोली. तिथे मोरे मॅडम, त्यांची असिस्टंट मी, आणि नाते गावचे दगडूमामा, लॅब अटेंडंट.

डीएनए एकटा पेशीत शिरत नाही. विषाणू त्याला आत नेतात, पण त्यांची धास्ती. म्हणून मॅडमना त्याच्याभोवती गुंडाळायला चरबीचं कृत्रिम वेष्टन बनवायचं होतं, पुढेमागे जन्मजात आजारांवर उपाय निघावा म्हणून.

*

जिवंत पेशी मुंबईच्या लॅबमध्ये होत्या. पहिला नमुना तिकडे पाठवला. फोन आला की पेशी पार विरघळून गेल्या. मामांनी उरलेली बाटली हलवली. फेस आला.

"मॅडम, ह्यो साबन झाला."

केमिस्ट्रीच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. मॅडमनी रजिस्टरात शेऱ्यापुढे कंसात 'साबण' लिहिलं आणि नवा रेणू मांडायला घेतला.

*

पुढचे नमुने बर्फाच्या थर्मासमधून एसटीने जायचे. एकदा कंडक्टरने विचारलं, यात औषध आहे का.

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पनवेलपर्यंत थर्मास मांडीवर घेऊन बसल्या.

*

ग्रँटसाठी तपासणीला आलेले साहेब म्हणाले, असलं संशोधन महाडात कशाला, मुंबईत होईल की.

"तिथे झालं की कळवा. तोवर आम्ही करतो," मॅडम म्हणाल्या.

ग्रँट मिळाली नाही. काम थांबलं नाही.

*

एका वर्षी सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं, वीज गेली. मॅडम बाटल्या जेवणाच्या डब्यात घालून पोलादपूरला बहिणीकडे गेल्या. फ्रिज उघडताच बहिणीच्या माळकरी सासूबाईंनी विचारलं, यात मांसमच्छी नाय ना?

मॅडमनी मनातल्या मनात सगळं सूत्र तपासलं. मग म्हणाल्या, "नाही. तेलापासूनच केलंय."

"मग ऱ्हाऊ दे लोण्याशेजारी."

*

त्याच बाटल्या दिवाळीआधी मुंबईला गेल्या. डीएनएत चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं होतं; तो आत शिरला तर पेशी अंधारात चकाकणार होत्या. तिकडून निरोप आला: फोटो फॅक्स करतोय, तुम्हीच बघा. आम्ही तिघं बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो.

कागद आला तो काळाकुट्ट, मधे पाच पांढरे ठिपके. बूथवाले ओशाळले. मशीन खराब हाय, असे डाग येतातच, दर खेपेला निराळ्या जागी, म्हणाले.

मॅडमनी मुंबईला फोन लावून तोच फोटो पुन्हा पाठवायला सांगितला. बूथवाल्यांनी फडक्याने मशीन नीट पुसून घेतलं. दुसरा कागद सरकत बाहेर आला.

मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि दारातल्या उन्हात धरले. मामा चष्मा लावून वाकले.

ठिपके त्याच जागी होते.