नाना, चूक तुमच्या हातांची नव्हती

नानांचे हात शेवटपर्यंत चांगले होते.
चूक माझी होती.

हे त्यांना सांगायचं राहिलं. आज सकाळी नाना गेले.

नाना म्हणजे माझ्या आईचे मामा. सोनपेठचे पटवेकरी. बाजारच्या दिवशी बायका तुटलेल्या पोती, सुटे मणी घेऊन यायच्या आणि नाना ते ओवून, गाठवून द्यायचे. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा नाना उर्दू शाळेत दुसरीत होते. मग शाळा मराठी झाली आणि त्यांना परत पहिलीत बसवलं. लहान पोरांमध्ये बसायची लाज वाटली. पाटी घरी ठेवून ते वडिलांशेजारी बाजारात जाऊन बसले, ते कायमचेच.
आकडे मात्र शेवटपर्यंत उर्दूत लिहायचे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा घरात सगळे चिडले. फक्त नाना हसले.
"तू बी अर्धवट, मी बी अर्धवट. दोघं मिळून एक शिकलेला मानूस व्हतो की रं."

सध्या मी परभणीत कॉलेजमधल्या एका मॅडमकडे कॉम्प्युटरवर काम करतो. प्रोटीन म्हणजे अमायनो ॲसिडची लांब माळ. ती गुंडाळली जाते आणि माळेत लांब असलेले दोन मणी एकमेकांजवळ येतात. कोण कोणाच्या किती जवळ आलं, हे मोजून मी लिस्ट करतो.

नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझी लिस्ट पाहिली.
"हे एक आन् दोन काय लिवलंस?"
"ते जवळ आहेत ना, नाना."
"आरं, ते तर शेजारीच ओवलेत. त्याला भेट म्हनतेत व्हय? लांबचा मनी भेटाय आला तर ती भेट."

मॅडमनी हेच मला दोन दिवस समजावलं होतं.

मॅडमना वर्गात दाखवायला एक मॉडेल हवं होतं. मी म्हणालो, आमचे नाना करतील.
साठ अमायनो ॲसिड, साठ मणी. मोठ्याला जाड मणी, लहानाला बारीक. सगळे एका दोऱ्यात ओवायचे आणि जिथे भेट आहे तिथे लाल दोऱ्याने गाठ मारायची. सगळ्या गाठी आवळल्या की माळ आपोआप गुंडाळून बसायला हवी.

बसली नाही.

"मास्तर, तुजी लिस्ट बघ," नाना म्हणाले. (मी सगळं तपासतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे.) "वळनावर बारीक मनी पायजे. हितं जाडावर जाड यायलाय. दोरा आवळतच न्हाई."
"लिस्ट बरोबर आहे, नाना. तीन वेळा चेक केलीय."
"तू तर चहातली साखर बी मोजतोस," ते हसत म्हणाले. "मग माजंच चुकलं आसंल."

त्यांनी सगळ्या गाठी सोडल्या. परत मारल्या.
परत सोडल्या.
ऐंशी पार केलेला माणूस. चष्म्याला दोरी बांधलेली.

तिसऱ्यांदाही माळ बसली नाही, तेव्हा त्यांनी गाठी सोडून ओवलेले मणी तसेच बिस्किटाच्या डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला. त्यानंतर ते कुणाचंच काम घेईनात. मामींचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा, फोन आला. "मंगळसूत्र गाठवायला बाई आली व्हती रे. हात गेले म्हनून वापस धाडली."

मंगळवारी मला चूक सापडली.

या प्रोटीनची पहिली चार अमायनो ॲसिड हलती आहेत, म्हणून ती कॉम्प्युटरवरच्या रचनेत दिसतच नाहीत. माझ्या लिस्टमधला पहिला नंबर म्हणजे माळेतला पाचवा मणी होता. मी साठही मणी ओवायला दिले आणि नंबर तेच ठेवले. प्रत्येक गाठ चार मणी अलीकडे पडली होती.
भेटी खऱ्या होत्या. मणी चुकीचे होते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम.
पण मला वाटलं, आधी पूर्ण लिस्ट परत तपासू. पुन्हा चुकीचं सांगायला नको.

गुरुवारी त्यांनीच फोन केला. आवाज खोल गेलेला.
"काय रं मास्तर, घावली का चूक?"

माझ्यासमोर स्क्रीनवर ती चूक होती.

मी म्हणालो, "बघतोय, नाना."
"बघू नको. माज्या हातातच काई राह्यलं न्हाई आता. दुसरा पटवेकरी बघ."
"रविवारी येतो, नाना. मग बोलू."
"ये."

आज शनिवार आहे.

अंत्यविधी उरकून नानांच्या घरी आलो, तेव्हा मामींनी फळीवरचा डबा माझ्या हातात दिला. "तुजी वस्तू हाय," म्हणाल्या.
डब्यात ओवलेले मणी, लाल दोरा आणि माझी लिस्ट उर्दू आकड्यांत उतरवलेली नानांची चिठ्ठी. गाठ मारली की त्या भेटीपुढे ते टिंब द्यायचे. प्रत्येक भेटीपुढे तीन टिंबं होती.

ओसरीवर बसलो. पहिले चार मणी तसेच सोडून दिले. पाचव्यापासून मोजून एकेक गाठ मारली. माझे हात नानांसारखे नाहीत, खूप वेळ लागला. वळणावर प्रत्येक ठिकाणी बारीक मणी आला.
शेवटचा दोरा ओढला आणि माळ बसली.

माळ पुरी झाली की नाना ती तळहातावर घेऊन मूठ मिटायचे. टोचली नाही तरच गिऱ्हाइकाला द्यायचे.

मी मूठ मिटली.

टोचत नाही, नाना.
तुमच्या हातांना माझा शेवटचा नमस्कार.