गोत्रीच्या गच्चीवर मी आधी खेचलं

संक्रांतीला बडोद्याला जायचं ठरलं ते मामाच्या फोनमुळे. "समोरच्या बिल्डिंगमधल्या जयंतीभाईंनी गेल्या वर्षी माझे सगळे पतंग कापले गं. यंदा तू ये." मामा निवृत्त शिक्षक, पण आवाज अगदी रुसलेल्या पोरासारखा. मी लगेच गाडी काढली.

नाशिकहून सापुताऱ्यामार्गे आठ तास धरा. घाटात धुकं असतं, उजाडल्यावरच निघा. मामाचं घर गोत्रीत. सणाच्या सकाळी मामी सातलाच रांगेत उभी राहून उंधियू आणि जिलेबी घेऊन आली. तुम्ही उशिरा गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

नऊपासून मी गच्चीवर. अकरापर्यंत जयंतीभाईंचे चार पतंग कापले. दर वेळी मामा माझ्या मांज्याची फिरकी धरूनच नाचायचा, "काप्यो छे!"

पाचवा पेच लागला आणि दोन्ही मांज्यांमध्ये एक मोठा काळा पक्षी येऊन अडकला. शराटी. गल्लीच्या वर, दोन गच्च्यांच्या मधोमध तो लटकला, पंख फडफडवू लागला.

आणि मी खेचलं.

पक्षी दिसत होता मला. तरी खेचलं, कारण पेच सुटत होता. समोरून जयंतीभाईंनीही खेचलं. पक्षी कर्कश ओरडला. पंखातून रक्त गळत होतं.

"सोडते!" मी किंचाळले.

"एकटीने सोडू नकोस! समोरच्या भिंतीवर आपटेल तो!" मामाने माझं मनगट धरलं आणि समोर ओरडला, "जयंतीभाई, साथे ढील आपो! धीमे धीमे!"

"हा, मास्तर! तमे बोलो एम!" मामा म्हणेल तसं करायला ते तयार होते.

मामा आकडे मोजत राहिला. एका आकड्याला वीतभर मांजा मी सोडायचा, वीतभर त्यांनी. खाली एका बाईंनी ओढणी पसरली. पक्षी ओढणीत उतरला तशी मी जिन्याने खाली धावले.

जयंतीभाई आणि मामा खाली गुडघ्यांवर बसून मांजा कापत होते. एकाने पंख धरला, दुसऱ्याने कात्री. पक्षी वाचवणारी माणसं आली, खोक्यात घालून घेऊन गेली. आजूबाजूच्या गच्च्यांवरचा आरडाओरडा मात्र क्षणभरही थांबला नव्हता. मी परत वर गेले नाही. उंधियूचा घासही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सबंध परतीच्या वाटेवर मी रेडिओ लावला नाही.

काल मामाचा फोन आला. शराटी जगला, पण आता उडणार नाही. मामा आणि जयंतीभाई दोघं स्कूटरवरून त्याला बघायला जातात.

"मामा, पंख कुणाच्या मांज्याने कापला?"

"दोघांच्या गं. पेचच होता तो."

त्या क्षणी मामाचं लक्ष फिरकीकडे होतं. आधी कुणी खेचलं हे त्याने पाहिलंच नव्हतं.